दिवसभर उभीच असते, मग आणखी व्यायाम कशाला?

"ताई, मी लातूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली-दुसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. पहिलंच बाळ, बाविसावा आठवडा चालू आहे. शाळा ११ किलोमीटरवर, स्कूटीवर जाते. उलट्यांनी हैराण होते तेव्हा सगळ्या म्हणायच्या, पाचवा लागला की बरं वाटेल. आता पाचवा सरला. उलट्या थांबल्या, पण दुपारनंतर खडू उचलायचं त्राण राहत नाही. कंबर धरते, कूस बदलताना जांघेत कळ येते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. डॉक्टर म्हणाल्या, सोनोग्राफी चांगली आहे, हलका व्यायाम करा. सासूबाई म्हणतात, पडून राहा. जाऊबाई म्हणतात, बसून फरशी पूस, बाळंतपण सोपं जाईल. मी तर दिवसभर उभीच असते, मग आणखी व्यायाम कशाला? खाण्यापिण्याचं नीट बघते, लोहाची गोळी सकाळी दुधासोबत न चुकता घेते. मी तुमच्या लेकीच्या वयाची आहे, मला 'तू'च म्हणा."

प्रिय लेकी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. "लोहाची गोळी सकाळी दुधासोबत न चुकता घेते." मी फिजिओथेरपिस्ट आहे, व्यायामाचं सांगायला मला आवडतंच. पण आधी या गोळीचं बोलू.

दुधातला कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही. चहाही तेच करतो. म्हणजे तू इतक्या निष्ठेने घेतलेल्या गोळीतलं बरंच लोह वाया जात असणार. उद्यापासून ती गोळी लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घे, आणि तिच्या मागेपुढे तास-दोन तास चहा-दूध नको. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर तासाभराने घे. कॅल्शियमची गोळीही चालू असेल, तर ती वेगळ्या वेळी, जेवणाबरोबर. या दोन गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत, हे कुणीतरी तुला सांगायला हवं होतं. आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस ती रोज घ्यायची असते. शौचाला काळं होईल, त्याला घाबरू नकोस.

तुझ्या पत्रात सगळं आहे, हिमोग्लोबिनचा आकडा तेवढा नाही. तुझ्या माता-बाल संरक्षण कार्डावर तो लिहिलेला असेल, आजच बघ. गरोदरपणात ११ च्या खाली आकडा असला की आपण रक्त कमी आहे असं धरतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांचं रक्त कमी निघालं होतं, म्हणजे दोघींतली एक. माझ्याकडे पाठ दुखते म्हणून येणाऱ्या कितीतरी जणी असतात, ज्यांना आधी व्यायाम सांगण्यात अर्थच नसतो. आकडा ८-९ असताना चालायला लावलं तर ती बिचारी आणखीच गळून जाते. बीट, गूळ-शेंगदाणे, पालेभाजी जरूर खा, पण ते गोळीच्या जागी नव्हे, गोळीच्या जोडीला. आकडा जुना असेल तर पुन्हा तपासून घे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांची मोफत तपासणी होते, २०१६ पासून चालू आहे. तिथेही होईल. त्याच वेळी थायरॉइडचं विचार, आणि २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान साखरेची तपासणी करायची असते, ती चुकवू नकोस.

हे सगळं ठीक असलं तरी थकवा राहू शकतो, आणि त्यात तुझा काही दोष नाही. "आता बरे दिवस" असं सगळ्या म्हणत असताना आपल्यालाच बरं वाटत नाही, तेव्हा मनाला फार लागतं. पण शरीरात काय चाललंय ते बघ. या दिवसांत रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढत जातं. तेवढं जास्तीचं रक्त हृदयाला दिवसरात्र फिरवायचं असतं. पोट पुढे आलं की तोल पुढे जातो, मग पडू नये म्हणून आपण नकळत कंबर मागे वाकवून उभ्या राहतो. सांध्यांना धरून ठेवणारे बंध संप्रेरकांमुळे सैल झालेले असतात, त्यामुळे ते काम स्नायूंच्या अंगावर येऊन पडतं. तू खुर्चीत नुसती बसलेली असलीस तरी शरीर काम करतच असतं.

आता तुझा खरा प्रश्न. दिवसभर उभी असते, मग व्यायाम कशाला?

तुझ्याकडच्या बायकांनी डोक्यावर-कमरेवर पाणी वाहिलंय, त्यांना विचार. भरलेली घागर कमरेवर घेऊन चालत राहिलं तर चालवतं, पण ती घेऊन एका जागी कुणाशी बोलत उभं राहिलं की पाच मिनिटांत कंबर मोडते. वर्गात तुझं तेच होतंय. उभं राहताना कमरेचे तेच ते स्नायू तासन्‌तास आवळलेले राहतात, त्यांना सुटी मिळत नाही. पायांचं आणखी वेगळं. पोटरीचा स्नायू आवळला-सुटला की तो पायातलं रक्त वर ढकलतो. स्थिर उभं राहिलं की तो पंप बंद. रक्त खाली साचतं, पाय भरून येतात, संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो. व्यायाम म्हणजे हेच स्नायू आवळणं आणि पूर्ण सोडणं, पुन्हा आवळणं आणि पुन्हा सोडणं. घरकामात आणि उभं राहण्यात आवळणं असतं, सोडणं नसतं. म्हणून दिवसभराच्या कष्टांनी थकवा येतो आणि वीस मिनिटांच्या व्यायामाने तो उतरू शकतो. हे मी बाळंतपणाच्या आधीच्या वर्गांत वर्षानुवर्षं बघत आले आहे.

सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना एकदा स्पष्ट विचार: वार खाली नाही ना, पिशवीचं तोंड आखूड नाही ना, रक्तदाब ठीक आहे ना. "सोनोग्राफी चांगली आहे" यात हे बहुतेक आलंच, तरी तोंडाने ऐकलेलं बरं. वार खाली असेल, पिशवीच्या तोंडाला टाका घातलेला असेल, रक्तस्राव झाला असेल, रक्तदाब चढलेला असेल किंवा हृदयाचा आजार असेल, तर पुढचं काहीही डॉक्टरांच्या परवानगीशिवाय करायचं नाही.

शाळेतच सुरू कर, कारण त्रास तिथेच होतो. मुलं लिहीत असतील तेव्हा फळ्याशेजारच्या भिंतीला पाठ लावून उभी राहा, पावलं भिंतीपासून वीतभर पुढे, गुडघे किंचित सैल. कमरेमागे पोकळी राहते ना, श्वास सोडत ती पोकळी हळूच भिंतीला टेकव. पाच अंक मोज आणि सोड. असं आठ-दहा वेळा. मुलांना कळणारही नाही. मग टेबलाला धरून टाचा उचलायच्या, सावकाश टेकवायच्या, पंधरा-वीस वेळा. दर तासाला एवढं केलंस तरी दुपारचा जडपणा कमी होईल. शिकवताना एक पाय खोक्यावर नाहीतर पाटावर ठेव आणि पाय बदलत राहा. पहिली-दुसरीच्या पोरांसोबत खाली बसावंच लागतं, तर मांडी घालताना ढुंगणाखाली सतरंजीची घडी घे. माकडहाडाला आराम मिळतो आणि पोक येत नाही. आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने पाच मिनिटं खुर्चीवर बसायचं. मुख्याध्यापकांना सांगून ठेव, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

घरी आल्यावर आधी पाणी, थोडं खाणं, डाव्या कुशीवर वीस मिनिटं पडणं. मग व्यायाम. गोधडी अंथरून गुडघ्यांवर आणि तळहातांवर ये, घोड्यासारखी. श्वास सोडत पाठ मांजरासारखी वर गोल कर, श्वास घेत सपाट कर. सपाटपर्यंतच, पोट खाली लोंबकळू द्यायचं नाही. दहा वेळा. कमरेवरचं ओझं काही मिनिटांपुरतं उतरतं, त्यामुळे बहुतेकींना हा प्रकार सगळ्यांत आवडतो. मनगटं दुखत असतील तर हात पलंगाच्या काठावर किंवा मुठीवर टेकव. मग कुशीवर झोपून, दोन्ही गुडघे दुमडून, टाचा जुळवून वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडायचा आणि मिटायचा, प्रत्येक कुशीवर दहा वेळा. याने खुब्याचे स्नायू बळकट होतात, आणि सैल झालेल्या कटीला तेच धरून ठेवतात. खुर्चीवरून हात न लावता उठायचं आणि सावकाश बसायचं, आठ वेळा. मांड्यांत जोर असला की पुढे बाळाला घेऊन उठबस करताना कंबर वाचते.

एक व्यायाम कुणाला दिसत नाही, पण मी तो कुणालाच सोडू देत नाही. लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखल्यासारखं आत ओढायचं, पाच अंक धरायचं, मग पूर्ण सैल सोडून पाच अंक थांबायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, आणि प्रत्यक्ष लघवी करताना हे करायचं नाही. सोडण्याकडे ओढण्याइतकंच लक्ष दे, बाळंतपणात सोडताच यावं लागतं. शिंकताना थेंब गळू लागले की बायका ते मुकाट सहन करतात. तू करू नकोस.

आणि चालणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये गरोदर बायकांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. हा आकडा ऐकून दडपून जाऊ नकोस. पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटं, मग हळूहळू वाढव. चालताना सोबतच्या बाईशी बोलता आलं पाहिजे. बोलायला धाप लागली तर वेग कमी कर, नाडी मोजत बसायची गरज नाही. ऊन टाळायचं हे लातूरकरांना मी काय सांगू, पण उन्हाळ्यात सकाळची शाळा लागली की परतीला उन्हाचा तडाखा बसतो, त्या दिवसांत चालणं सूर्य मावळल्यावरच. पातळ स्लीपर नको, टाच धरणारे बूट घाल.

पाठीवर उताणं झोपून करायचे व्यायाम आता बंद. साधारण विसाव्या आठवड्यानंतर वाढलेली पिशवी पाठीच्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीवर दाब देते आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. माझ्या पहिल्या खेपेला, सहाव्या महिन्यात, मी उताणी पडून पाय उचलत होते. घाम फुटला, डोळ्यांसमोर अंधारी आली, कुशीवर वळल्यावर पाच मिनिटांत ओसरलं. तो घाबरा क्षण अजून आठवतो. झोपेत कधी उताणी झालीस आणि जाग आली, तर घाबरायचं नाही, फक्त वळायचं. गुडघ्यांमध्ये उशी, पोटाखाली साडीची घडी, डावी कूस उत्तम, उजवीही चालते. उठताना सरळ उठून बसू नकोस. आधी कूस, मग हातांनी रेटा.

जांघेतली कळ बहुधा त्या बंधाची आहे, जो पिशवीला दोन्ही बाजूंनी जांघेपर्यंत धरून असतो. तो ताणला जातोय आणि झटका बसला की सुरी मारल्यासारखं होतं. वळण्याआधी दोन्ही गुडघे पोटाकडे ओढून घे, मग सगळं अंग एकत्र, सावकाश वळव. शिंक येणार असं वाटलं की थोडी पुढे वाक. पण जर दुखणं पुढे ओटीपोटाच्या हाडावर असेल आणि जिना चढताना, एका पायावर उभं राहून सलवार घालताना वाढत असेल, तर ते कटीच्या सांध्याचं आहे. तेव्हा सगळ्याजणी सांगतात ते फुलपाखरासारखं गुडघे फाकवून बसणं करू नकोस, दुखणं वाढेल. सलवार बसून घाल, पायरी एकेक चढ, आणि जवळच्या फिजिओथेरपिस्टला दाखव. कमरेला आधाराचा पट्टा मिळतो, तो खरंच उपयोगी पडतो.

पोटऱ्यांतल्या गोळ्यांसाठी रात्री झोपण्याआधी भिंतीला हात टेकवून एक पाय मागे घे, गुडघा ताठ, टाच जमिनीला चिकटलेली. तीस अंक मोज, प्रत्येक पायाला तीनदा. गोळा आलाच तर पायाची बोटं नडगीकडे ओढ. बोटं पुढे ताणलीस तर गोळा घट्ट होतो. मात्र एकाच पायाची पोटरी सुजून गरम, लाल झाली आणि दुखणं हटेना, तर तेल चोळत बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. शिरेत गुठळी झाल्याची शक्यता असते आणि चोळणं धोक्याचं ठरू शकतं.

व्यायाम करताना किंवा एरवीही रक्त दिसलं, पाणी गेल्यासारखं वाटलं, पोट ठरावीक वेळाने आवळून दुखू लागलं, छातीत दुखलं, बसल्या जागी धाप लागली, चक्कर आली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे काजवे चमकले, किंवा एकदा जाणवू लागलेली बाळाची हालचाल मंदावली, तर थांब आणि दवाखाना गाठ. "उद्या बघू" करायचं नाही.

आता घरातलं. सासूबाईंची भीती मला समजते. त्यांच्या काळात कुणाचं तरी दिवस भरायच्या आत गेलेलं असतं, ते त्या बोलत नाहीत, "पडून राहा" एवढंच म्हणतात. त्यांना सांग, की तब्येत ठीक असलेल्या गरोदर बाईला बेताच्या व्यायामाने गर्भपात होत नाही की बाळ अपुऱ्या दिवसांचं होत नाही, आणि उलट साखर वाढण्याचा धोका कमी होतो. नुसतं पडून राहिल्याने पाठ अधिक दुखते, पोट साफ होत नाही, पायात गुठळी होण्याची भीती वाढते. शक्य असेल तर पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत घेऊन जा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्या बदलतील. संध्याकाळच्या चालण्याला त्यांनाच घे, त्यांच्या गुडघ्यांनाही बरं.

जाऊबाईंच्या फरशीबद्दल मी स्पष्ट बोलते. उकिडवं बसायची सवय असेल तर त्यात वाईट काही नाही. पण फरशी पुसल्याने बाळंतपण सोपं होतं, असं मी कुणालाही सांगणार नाही. माझा कोणताही व्यायाम नॉर्मल बाळंतपणाची हमी देत नाही, मग फरशी कुठून देईल? शाळेतून दमून आलेल्या गरोदर सुनेकडून व्यायाम म्हणून घरकाम करून घेणं मला अजिबात पटत नाही. फरशी घरातल्या कुणीही पुसावी, तुझ्या नवऱ्यानेसुद्धा. ती वीस मिनिटं तुझी आहेत.

स्कूटीचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. बाळाला धक्क्याने इजा होईल ही भीती सहसा खरी नसते, पण तोल बदललेला असताना खडीच्या रस्त्यावर गाडी घसरणं ही भीती खरी आहे. पोट वाढत जाईल तसं हँडल आणि पोटातलं अंतर कमी होईल. एखाद्या शिक्षिकेसोबत रिक्षा किंवा एसटी जमतेय का ते आत्ताच बघायला लाग, आठव्या महिन्याची वाट बघू नकोस.

सातव्यात तुझं डोहाळजेवण होईल. झोपाळ्यावर बसवतील तेव्हा पाठीला लोड माग, मधूनमधून उठून चार पावलं टाक. आणि ओटी भरून झाल्यावर पंचवीस-तीस जणींच्या पाया पडायला कमरेत वाकणं, हे त्या दिवसाचं सगळ्यांत अवघड काम असतं, दुसऱ्या दिवशी त्याच पाठी घेऊन मुली माझ्याकडे येतात. सासूबाईंना आधीच कानात सांगून ठेव. मला वाटतं, त्याच सगळ्यांसमोर म्हणतील, "राहू दे गं, हातच जोड."

तुझी,
ताई